माणशी २८० रुपये

(ड्रोन: कणकुंबी, पाऊस)
हा बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीचा पाऊस. मलप्रभा इथंच उगम पावते, माउलीच्या देवळाजवळ, आणि खानापूरवरनं पुढं सौंदत्तीच्या धरणात जाते, तेच पाणी हुबळी-धारवाडला नळानं मिळतं. आणि ही त्याच खानापूर तालुक्यातली एक वाडी, जिथं एप्रिल लागला की विहिरीचा तळ दिसतो.

(क्लोजअप: नळ)
हा नळ जरा जवळनं बघा. सिमेंटचा बुटका खांब, त्यावर नळ, तोंडाला चिंधी बांधलेली. "कुंभारमाशी आत माती भरतीय ओ, म्हणून बांधलंय," काकू सांगतात. रोज पाणी येणाऱ्या नळात कुंभारमाशी कशाला घर करील?

घरोघरी नळानं पाणी द्यायची ही योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, कर्नाटकात त्यालाच मने मनेगे गंगे, म्हणजे घरोघरी गंगा, म्हणतात, दर माणशी दिवसाला ५५ लिटर, खर्चात केंद्र निम्मं आणि राज्य निम्मं, शिवाय गावातल्या कामाची १० टक्के लोकवर्गणी, डोंगर-जंगलातल्या गावाला ५ टक्के. कागद सगळे कन्नडमधे, पीडीओ साहेबांना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, विचारलं की वरनं मंजुरी यायचीय. ड्रेनेज असलेल्या शहराला मात्र माणशी १३५ लिटर धरतात. आता शहरातल्या माणसाला तहान जास्त लागते का, ते एकदा कुणीतरी सांगावं.

(रस्ता, चर, निळे पाईप)
इथं घरं बघा कशी लांब लांब आहेत, एक टेकाडावर तर दुसरं पार ओढ्यापलीकडं. मोठ्या गावात एका गल्लीला जेवढा पाईप लागतो तेवढा इथं दोन घरांना लागतो, मधे जांभ्याचा खडक फोडायचा, वर जंगल खात्याची परवानगी. म्हणजे माणशी खर्च चढतोच.

(घरासमोरचं सांडपाणी)
आणि हे गटार. म्हणजे गटार नाहीच, मोरीचं पाणी उताराला लागतं, ओढ्यात, तिथनं मलप्रभेत. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५ हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये, त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपये. होय, लहान गावाला कमी, बरोबरच वाचलंय. ३०० माणसांची वाडी धरा, ८४ हजार होतात. सिमेंट-खडी काय वाडीला स्वस्त मिळत नाही, उलट ट्रॅक्टरचं भाडं चढं. मग शोषखड्डा सुचवतात, पण पावसाळ्यात जमीनच पाण्यानं भरलेली, खड्डा शोषणार कुठं?

बरं, नगरांचं तरी बरं आहे का? २०२१ च्या अमृत २.० मधे, म्हणजे केंद्राच्या शहरांसाठीच्या योजनेत, पाणी सगळ्या नगरांना, पण ड्रेनेज फक्त पहिल्या अमृतच्या यादीतल्या ५०० शहरांना. बेळगाव त्यात आहे. निपाणी नाही, खानापूर नाही.

पावसाळ्यात जुलाब-कावीळ असतेच, त्यावर इथं कुणी फारसं बोलत नाही.

(व्हॉल्व फिरवणारा वॉटरमन)
काम संपलं की योजना पंचायतीच्या ताब्यात. मोटरचं लाईट बिल, वॉटरमनचा पगार, जळालेलं स्टार्टर, सगळं पंचायतीनं बघायचं. पंधराव्या वित्त आयोगाकडनं (२०२१ ते २०२६) पंचायतीला येणाऱ्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले, तरी पुरत नाहीत, कारण मोटर ३०० माणसांसाठी असली तरी खोल बोअरमधनं वर पाणी चढवायला करंट लागायचा तेवढा लागतोच, आणि पाणीपट्टी भरणारी घरं मोजकी. मागचं बिल भरल्याशिवाय नवं स्टार्टर घ्यायचं नाही, असं यंदा ठरलंय.