चांदणीची खूण आणि हरवलेली पानं

नमस्कार मंडळी,

आपल्या घरातली बारा-चौदा वर्षांची मुलं हजार-हजार पानांच्या अद्भुत कादंबऱ्या एका सुट्टीत संपवतात. मोडून पुन्हा घडवलेली तलवार, शापित अंगठी, सोन्याच्या ढिगावर पहुडलेला ड्रॅगन, डोंगराच्या पोटात राहणारे बुटके. हे सगळं कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं असा आपला समज असतो. त्यातलं बरंचसं निघालं ते जुन्या भाषांच्या कसून केलेल्या अभ्यासातून, आणि त्या अभ्यासाची एक दोरी थेट आपल्या वेदपाठाशी बांधलेली आहे.

‘द हॉबिट’सारख्या अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे जे. आर. आर. टॉल्किन पेशाने भाषाशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० या काळात, ते ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशावर काम करत होते. त्यांच्या वाट्याला ‘डब्ल्यू’ने सुरू होणारे शब्द आले. एकट्या ‘वॉलरस’ची व्युत्पत्ती त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून काढली. १९२५पासून ते ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. कादंबरी नंतर आली, आधी शब्द आले.

या विद्येची पद्धत एका उदाहरणातून दाखवते. याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये नियम मांडला की संस्कृतात जिथे ‘प’ आहे तिथे इंग्रजी-जर्मनच्या कुळात ‘फ’ येतो आणि ‘त’ असेल तिथे ‘थ’. पाद आणि फूट, त्रि आणि थ्री. पण एक जोडी नियमाला जुमानेना. ‘भ्रातृ’ आणि ‘पितृ’ दोन्हींत ‘त’ आहे. जुन्या इंग्रजीत भाऊ झाला ‘ब्रोथोर’, म्हणजे नियमाप्रमाणे. बाप मात्र ‘फॅडर’. तिथे ‘थ’ का नाही? अर्धं शतक लोटलं तरी याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. ते डेन्मार्कच्या कार्ल वेर्नर यांना सापडलं आणि १८७७मध्ये छापून आलं. त्यांनी वैदिक स्वर पाहिले. ‘भ्रातृ’मध्ये उदात्त, म्हणजे चढा सूर, पहिल्या अक्षरावर आहे, ‘पितृ’मध्ये दुसऱ्यावर. उदात्त लगेच आधी असेल तर ‘थ’ टिकतो, नसेल तर तो मऊ पडून ‘ड’कडे झुकतो. पिढ्यान्‌पिढ्या वेदपाठ्यांनी तोंडी जपलेल्या स्वरांनी हे कोडं सोडवलं. वेदपाठाला बांधलेली दोरी म्हटलं, ती ही.

असे नियम पक्के झाले की कधीच लिहून न ठेवलेले शब्दही मागे जाऊन रचता येतात. रचलेल्या शब्दाआधी एक चांदणी छापायची. तिचा अर्थ असा की हा शब्द कुठेही सापडलेला नाही, पण असा असायला हवा. टॉल्किन यांचे अभ्यासक टॉम शिपी यांनी त्यांच्या सगळ्या जगालाच ‘चांदणीचं वास्तव’ म्हटलं आहे. माझ्या मते त्यांच्याविषयी इतकं नेमकं दुसरं कुणी बोललेलं नाही.

आता ड्रॅगनकडे येऊ. ‘बेओवुल्फ’ हे ३१८२ ओळींचं जुन्या इंग्रजीतलं काव्य. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली, साधारण इसवी सन १०००च्या सुमाराची. १७३१च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली, तेव्हा तिच्या कडा होरपळल्या आणि पुढे त्या कडांवरची अक्षरं गळत गेली. काव्याच्या उत्तरार्धात कुणीतरी झोपलेल्या ड्रॅगनच्या खजिन्यातून एक पेला चोरतो आणि ड्रॅगन गावं जाळत सुटतो. नेमकं हे चोरीचं पान फार पुसलेलं आहे. चोर कोण होता हे सांगणाऱ्या शब्दाचं पहिलंच अक्षर नीट वाचता येतं. ‘थॉर्न’ नावाचं, ‘थ’चं अक्षर. पुढे काय होतं? ‘थेओव’ म्हणजे गुलाम, की ‘थेग्न’ म्हणजे सरदार? बहुतेक संपादक ‘गुलाम’ मानतात.

१९३७मध्ये छापलेल्या ‘द हॉबिट’मध्ये एक साधा, घरकोंबडा गृहस्थ चोर म्हणून नेमला जातो आणि झोपलेल्या ड्रॅगनजवळून दोन कानांचा पेला उचलून आणतो. पानावर जिथे भोक होतं तिथे टॉल्किन यांनी माणूस उभा केला. हे जाणूनबुजून केलं का? ‘बेओवुल्फ’ आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या स्रोतांपैकी एक, पण लिहिताना तो डोक्यात नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी १९३८मध्ये एका वृत्तपत्राला कळवलं होतं. मला ते पटतं. जे वर्षानुवर्षं शिकवलं, ते बोटांत उतरतंच.

बुटक्यांची नावं तर सरळ यादीतून उचललेली आहेत. आइसलँडची ‘कोडेक्स रेगियस’ ही सुमारे १२७०ची पोथी. तिच्यातलं पहिलंच काव्य ‘व्होलुस्पा’, आणि त्यात मध्येच बुटक्यांच्या नावांची नुसती जंत्री येते. वाचणारे बहुधा ती ओलांडून पुढे जातात. ‘द हॉबिट’मधल्या तेरा बुटक्यांपैकी बारांची नावं तिथली आहेत, बालिन तेवढा बाहेरचा. त्याच जंत्रीत ‘गांडाल्फर’ आहे. ‘गांडर’ म्हणजे जादूची काठी, ‘आल्फर’ म्हणजे एल्फ, युरोपी लोककथांतला एक अद्भुत जीव. बुटक्यांच्या यादीत काठीवाला एल्फ काय करतो आहे? पहिल्या मसुद्यात टॉल्किन यांनी हे नाव बुटक्यांच्या म्होरक्याला दिलं होतं. नंतर ते काठी घेऊन फिरणाऱ्या मांत्रिकाकडे गेलं, आणि तिथे ते चपखल बसलं.

नव्या लेखकांचं बिघडतं ते इथेच. ते यादी उचलतात, यादीमागचं व्याकरण उचलत नाहीत. टॉल्किन यांच्या दोन एल्फ भाषांपैकी एकीला फिनिशचं वळण आहे, दुसरीला वेल्शचं. दोन्ही एकाच कल्पित आदिभाषेतून ठरावीक नियमांनी फुटलेल्या आहेत. फिनिश वळणाच्या भाषेत ‘ब’, ‘ड’, ‘ग’ एकटे येत नाहीत, जोडाक्षरातच येतात. त्यामुळे एखादं नाव त्या भाषेतलं आहे की नाही हे वाचकाच्या कानाला कळतं, नियम ठाऊक नसला तरी. उलट एकाच गावात राजा एका भाषेतला, नदी दुसऱ्या आणि सेनापती तिसऱ्या भाषेतला, आणि त्याला काही कारणच नाही, असं झालं की ते गाव पुठ्ठ्याचं वाटतं.

मराठीत लिहू पाहणाऱ्या मुलांनी हे असं करून पाहावं. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात एक सूत्र आहे: ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’. शब्दाच्या मध्ये दोन स्वरांत सापडलेलं यांपैकी एकेरी व्यंजन बहुधा गळतं. आता ‘प्रतिष्ठान’ घ्या. ‘प्र’मधला ‘र’ जातो, ‘ति’मधला ‘त’ गळतो, ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ होतो, ‘न’चा ‘ण’. मिळालं ‘पइट्ठाण’. मग ‘अइ’चा ‘ऐ’ झाला, ‘ट्ठ’ सुटा झाला, शेवट आखडला. पैठण. ‘शूर्पारक’ असाच झिजून सोपारा झाला. तुमच्या कथेतल्या काल्पनिक नगरीचं जुनं नाव आधी संस्कृतात ठरवा, मग ते याच वाटेने झिजवा. शिलालेखावर जुनं रूप, नावाड्याच्या तोंडी झिजलेलं. जवळ मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश असू द्या. दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. मुख्य पथ्य एकच: काही नावं झिजवून काही तशीच ठेवू नका. ठेवलीत, तर ती का टिकली याचं कारण कथेत हवं. देवळातल्या पुजाऱ्यांनी जपलं, हेही कारण चालेल.

चांदणी पुण्यातही आहे, पण उलट अर्थाची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी तिची पद्धत घालून दिली आणि एकंदर १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. मूळ पाठात न बसलेल्या ओळी पानाच्या तळाशी चांदणी लावून छापल्या, लांब प्रसंग परिशिष्टात गेले. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही कथा अशीच परिशिष्टात आहे. टॉल्किन यांच्या विद्येत चांदणी म्हणजे नसलेलं पण असायला हवं ते, इथे चांदणी म्हणजे असलेलं पण मुळात नसावं ते. कथाकाराला या तळटीपा सोन्याची खाण आहेत. कुठल्या प्रांताच्या प्रतीत कुणाला काय घालावंसं वाटलं, हे तिथे ओळीओळीने दिसतं.

आणि पोथी जळाल्याची आपल्याकडची कथा तर पैठणचीच. गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. त्याने ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ आपल्या रक्ताने लिहिली. राजाने ती झिडकारली, तेव्हा तो रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत आगीत टाकू लागला. सहा लाख श्लोक गेले, एक लाख वाचवता आले. ही झाली दंतकथा. त्या ग्रंथाची ‘पैशाची’ भाषेतली प्रत आज एकही हाती नाही, एवढं खरं. उरले आहेत साक्षीदार. काश्मीरच्या सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’, क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’, संघदासगणींची जैन महाराष्ट्री प्राकृतातली ‘वसुदेवहिंडी’ आणि बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’. चौघेही एकच हरवलेली गोष्ट वेगवेगळी सांगतात. चारही उघडून एक प्रसंग शेजारी शेजारी ठेवायचा, जुळतं काय आणि फाटतं कुठे याची टाचणं काढायची, आणि जिथे चौघेही गप्प आहेत तिथे चांदणी लावून आपलं वाक्य लिहायला घ्यायचं. बुधस्वामीची पोथी अठ्ठाविसाव्या सर्गाच्या पुढे मिळतच नाही. हात घालायला ती जागा उत्तम.