चित्राचे पैसे आधी चित्रकाराला

नमस्कार मंडळी. एवढ्या थंडीत आलात, बरं वाटलं. चित्रं विकून निर्वासितांसाठी पैसे कसे जमवले ते सांगा असं मला म्हटलंय, तर मी आमची चूक झाली तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यातूनच शिकलो.

दिवाळीनंतर तुम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी तिबेटी लोकांकडून स्वेटर घेतलं असेल, भावही केला असेल. पण ही माणसं मे महिन्यात कुठं असतात हे कधी विचारलं का? मीपण नव्हतं विचारलं. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ त्यांची नोर्गेलिंग म्हणून वसाहत आहे, १९७२ पासून. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो लोक आले, त्यातल्या काहींचं घर आता तिथं आहे. तिथली पोरं फाडफाड मराठी बोलतात, पण बऱ्याच जणांच्या हातात फक्त आरसी असते, म्हणजे परदेशी माणसाला मिळतं ते रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, आपल्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर ते पोरगं उभं राहतं तेव्हा आतल्या माणसाला तो कागद काय आहे हेच माहीत नसतं. अशा मुलांच्या होस्टेल फीसाठी आम्ही आठ-दहा जणांनी चित्रांचं प्रदर्शन करायचं ठरवलं.

आता चूक. आम्ही वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या थांगका चित्रकाराकडे (थांगका म्हणजे तिबेटी बौद्ध धर्मातलं कापडावरचं चित्र) गेलो आणि म्हटलं, काका, चॅरिटी आहे, एक चित्र द्या ना. ते हो म्हणाले, लगेच. चहा पाजला. निघताना त्यांच्या सुनेनं हळूच विचारलं, ताई, रंगाचे तरी पैसे मिळतील का? मी परतीच्या रस्त्यावर गाडीत कोणाशी बोलले नाही. थांगका म्हणजे काय असतं बघा, सुती कापड चौकटीवर ताणायचं, त्यावर खडू आणि सरसाचा लेप द्यायचा, वाळला की दगडानं घासून घासून गुळगुळीत करायचं, मग मापाच्या रेषा आखून मूर्ती बसवायची, कारण डोळा कुठं आणि हात कुठं हे सगळं ठरलेलं असतं, मनानं काही चालत नाही, आणि मग महिनोन् महिने बारीक ब्रश. ज्या लोकांसाठी पैसा जमवतोय त्यांच्याकडूनच आपण महिन्यांची मजुरी फुकट मागितली होती! आणि त्यावर ५०० रुपयांची चिठ्ठी लावणार होतो, का तर लोकांना परवडलं पाहिजे.

मग सगळं बदललं. किंमत चित्रकार सांगणार, अर्धे पैसे त्याच दिवशी त्याला, अर्धे फीच्या खात्यात. आमच्यात यावरून भांडणं झाली, दोघं सोडून गेले, मला आजही वाटतं आम्ही बरोबर होतो.

बाकीचं पटकन सांगते. लोकांकडून पैसे गोळा करायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडे कळवावं लागतं, ते टाळू नका. ८०जी ची पावती, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी पावती, हवी तर तशी नोंदणी असलेल्या संस्थेलाच सोबत घ्या, आणि २००० च्या वरच्या कॅश देणगीवर ती सूट मिळत नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा. एका काकूंचा भाचा, अमेरिकन पासपोर्टवाला, डॉलर पाठवतो म्हणाला, आम्ही नाही घेतले, कारण त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी लागते.

आणि थांगका काचेच्या फ्रेमला देऊ नका. त्याला भोवती जरीच्या कापडाची किनार असते, ते टांगायचं आणि गुंडाळून ठेवायचं चित्र आहे. आम्ही फ्रेमवाल्याला नीट सांगितलंच नाही, त्याच्या हातात कात्री होती तेव्हा आमची एक मुलगी पोचली.

वेळही चुकली होती. डिसेंबरात संध्याकाळी ५ ते ८ ठेवलं, आणि वसाहतीतलं कोणीच येईना, अहो तोच तर त्यांचा स्वेटरच्या धंद्याचा टाइम! दुसऱ्या दिवशीपासून सकाळी ८ ला उघडलं, तर्री पोहे ठेवले, आणि मग दुकान लावायच्या आधी सगळे आले.

त्याच सकाळी नागपुरातल्याच जरीपटक्याहून एक सिंधी आजी आल्या होत्या, फाळणीत सिंध सोडून आलेल्या. एका तरुण चित्रकार मुलीचा हात धरून विचारलं, बेटा, घराची चावी आणली होती का सोबत? ती म्हणाली, आजी, मी इथलीच, गोंदियात जन्मले, चावी माझ्या आजोबांकडे होती. मग दोघी तिथंच खुर्च्या ओढून बसल्या, अकरा वाजेपर्यंत, आणि त्या मुलीचा स्टॉल त्या दिवशी तिच्या भावानं लावला.

येत्या रविवारी आम्ही गोठणगावला चित्रं आणायला जातोय, सकाळी ६ ला निघू, गाडीत दोन जागा आहेत. कापडावरचं चित्र सुरकुती न पाडता गुंडाळता येतं असं कोणी इथं असेल तर आधी त्यांनी हात वर करा.