तेलाचा कूलर घेण्याआधी

श्रोतेहो, राम राम. पारा 45 ला टेकला की जळगाव-भुसावळकडच्या गॅरेजात एक मागणी ठरलेली असते: "मिस्त्री, ऑइल तापतंय, मोठा कूलर टाकून द्या." मोठा कूलर टाकायला हरकत नाही, पण त्याला वारा कुठून मिळणार, हे आधी बघा.

ऑइल कूलर ऑइलमधली उष्णता हवेला देतो. किती देईल, ते दोघांच्या तापमानातल्या फरकावर. ऑइल 100 अंश आणि हवा 25 असेल तर फरक 75 चा. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 45, म्हणजे फरक उरला 55. कूलर तोच, वारा तेवढाच, काम मात्र पाऊणपटच. म्हणून खान्देशात थंड गावच्या हिशोबापेक्षा एक माप वरचा कूलर घ्यावा. शक्यतो प्लेटचा, कारण तेवढ्याच आकारात तो नळीच्या कूलरपेक्षा जास्त काम करतो.

पण डिसेंबरच्या पहाटे हाच मोठा कूलर उलटा पडतो. इंजिन ऑइल नीट तापलं नाही तर त्यातली पाण्याची वाफ उडून जात नाही. त्यामुळे थर्मोस्टॅट असलेलाच जोड घ्या. साधारण 80-85 अंशांपर्यंत तो ऑइलला कूलरकडे फारसं जाऊ देत नाही.

आता कूलर लागतो कोणाला? केळीच्या ट्रकवाल्यांनी शक्यतो या फंदात पडू नये. मोठ्या डिझेल इंजिनांना बहुतेक वेळा कारखान्यातूनच पाण्यावर चालणारा ऑइल कूलर असतो. तिथे आधी रेडिएटर तपासा. साध्या गिअरच्या मोटारीलाही गिअरबॉक्सचा कूलर सहसा लागत नाही. लागतो तो ऑटोमॅटिक गाडीला. पाच माणसं आणि सामान घेऊन चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, ऑइल घुसळत राहतो, आणि गाडी इतकी हळू असते की समोरून वारा येतच नाही. अशा वेळी पंखा असलेला कूलर उपयोगी.

जिनिंगच्या आवारात फिरणारे लोडर आणि जानेवारीत पऱ्हाटीवर रोटाव्हेटर मारणारे ट्रॅक्टर यांची गोष्ट वेगळी. नवा कूलर मागण्याआधी रेडिएटर आणि कूलर यांच्यामधल्या फटीत बॅटरी मारून बघा. समोरून जाळी चकचकीत दिसते, आत मात्र धूळ, ऑइल आणि कापसाचे तंतू मिळून जुन्या गोधडीतल्या कापसासारखा थर बसलेला असतो. तो नखाने सोलून निघतो. मग इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साधं पाणी मारा. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा नको, पातळ पात्या आडव्या होतात आणि मग वारा कायमचा अडतो. माझ्या मते अर्ध्या लोकांचा खर्च इथेच वाचेल.

तरी बसवायचाच असेल तर कूलर रेडिएटरच्या पुढे, बोटभर फट ठेवून, पट्ट्यांच्या स्टँडवर बसवा. जाळीतून प्लास्टिकचे बंद ओवून बांधण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. गाडीच्या थरथरीने ते नळी कातरतात. तोंडं शक्यतो वर ठेवा, म्हणजे आत हवा अडकत नाही. पाइप गरम ऑइलसाठीचाच हवा; रेडिएटरच्या पाण्याचा पाइप ऑइलने फुगतो. सायलेन्सरपासून तो लांब न्या. आधी गिअरबॉक्स फुटला असेल तर जुना कूलर पुन्हा वापरू नका, त्यात अडकलेला लोखंडाचा चुरा नव्या गिअरबॉक्सात जातो.

कूलर आणि पाइप भरायला जास्तीचं ऑइल लागतं, तेव्हा बसवल्यावर पातळी पुन्हा बघा. इंजिनाची पातळी गाडी बंद करून, थोडं थांबून. बऱ्याच ऑटोमॅटिकची चालू गाडीवर, ऑइल गरम असताना. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते वाचा. पहिला लांबचा फेरा झाला की गाडी थंड झाल्यावर क्लिपा आवळून घ्या आणि रात्री खाली पुठ्ठा टाका. सकाळी थेंब लाल दिसला तर बहुधा गिअरबॉक्सची लाइन, काळा असेल तर इंजिनाची.