हाकेला ओ

नमस्कार श्रोतेहो. आज ३१ डिसेंबर, २०२४ सालाचा शेवटचा दिवस. या वर्षात मला मनापासून काय आवडलं, ते तुम्हाला सांगायला मी बसले आहे.

माझं वेड आकाशाचं. मी एक वही ठेवते. ग्रह, तारे, यानं, ग्रहणं, जे काही पाहिलं किंवा वाचलं, त्याची तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या, एवढाच नेम. काल रात्री ती वही पहिल्या पानापासून वाचून काढली. बहुतेक दिवसांच्या खरंच दोनच ओळी आहेत. पण काही दिवशी पान भरलंय, मागच्या बाजूलाही लिहिलंय, समासातही लिहिलंय. आणि ती सगळी पानं एकाच जातीची निघाली. कुणीतरी फार लांब हाक मारली होती, पलीकडून ओ येईल याची खात्री नव्हती, आणि मग ओ आली.

सर्वांत मोठी नोंद २० एप्रिलची आहे. व्हॉयेजर १.

हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं. त्यानं गुरू पाहिला, शनी पाहिला, आणि २०१२ मध्ये सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ते ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं. या एप्रिलमध्ये ते आपल्यापासून सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर होतं. माणसाच्या हातची दुसरी कोणतीही वस्तू इतकी लांब गेलेली नाही. रेडिओचा संदेश प्रकाशाच्या वेगानं धावतो, तरी त्याला तिथं पोचायला तेव्हा साडेबावीस तास लागत होते आणि उत्तर यायला आणखी साडेबावीस. सकाळी आठला विचारावं, तर उत्तर तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला.

१४ नोव्हेंबर २०२३ ला या यानाचं बोलणं बिघडलं. रेडिओ लावावा, स्टेशन नेमकं लागावं, पण निवेदकाचा आवाजच नसावा, तसं काहीसं. लहरी येत होत्या, पण त्यात फक्त तेच तेच एक आणि शून्य. यान जिवंत होतं, आपण पाठवलेलं त्याला कळतही होतं, फक्त त्याला काय म्हणायचंय ते इकडे उमगत नव्हतं. पाच महिने हे चाललं. वहीत जानेवारी-फेब्रुवारीत चार ठिकाणी मी नुसतं ‘अजून नाही’ असं लिहिलंय.

मार्चच्या सुरुवातीला अभियंत्यांनी यानाला एक वेगळी आज्ञा पाठवली, जरा डिवचून पाहावं तशी. दोन दिवसांनी जे आलं, ते नेहमीच्या निरर्थक धाग्यापेक्षा निराळं दिसत होतं. एका अभियंत्यानं ते उलगडलं. माहिती जुळवून पाठवणाऱ्या त्या संगणकानं आपली सगळी स्मृतीच इकडे ओतली होती. ती जुन्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर दुखणं सापडलं: स्मृतीचा सुमारे ३ टक्के भाग खराब झाला होता, बहुधा एका चिपमुळे.

आता ती चिप बदलायला कोण जाणार? तेव्हा तिच्यातला प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायचा ठरला. पण यानावरच्या तिन्ही संगणकांची मिळून स्मृती ७० किलोबाइटच्या आसपास. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. अख्खा प्रोग्रॅम बसेल एवढी सलग रिकामी जागा कुठेच नव्हती. मग त्याचे तुकडे केले आणि मिळेल त्या फटीत एकेक बसवला. मोठं कपाट ठेवायला खोली नसली की त्याचे कप्पे सुटे करून कुणी जिन्याखाली, कुणी पलंगाखाली सरकवतो, तसं. फक्त इथे प्रत्येक कप्प्याला पुढचा कप्पा कुठे आहे हे ठाऊक असायला हवं, आणि ज्या ज्या ठिकाणी जुना पत्ता लिहिलेला होता, तो शोधून बदलायला हवा. हे सगळं कशाच्या आधारावर? काही दशकांपूर्वीच्या कागदपत्रांच्या. ज्यांनी ते लिहिले, त्यांच्यातले बरेच जण आज विचारायलाही नाहीत.

१८ एप्रिलला पहिला तुकडा पाठवला. मग साडेबावीस तास आणि पुन्हा साडेबावीस तास. २० एप्रिलला व्हॉयेजरनं आपली प्रकृती कशी आहे ते नीट, कळेल अशा आकड्यांत सांगितलं. त्या क्षणाचं एक छायाचित्र नासानं प्रसिद्ध केलंय. एका साध्या बैठकीच्या खोलीत, टेबलाभोवती बसलेली माणसं आनंदानं मोहरलेली आहेत. कुठे भव्य पडदे नाहीत, झगमगाट नाही. मी ते छापून वहीत चिकटवलंय. वर्षभरातलं माझं सर्वांत आवडतं चित्र कोणतं, असं विचाराल तर तेच. तेजोमेघांची, दीर्घिकांची कितीतरी देखणी चित्रं या वर्षी आली, तरीही तेच.

यानावरची चारही विज्ञान उपकरणं पुन्हा कामाला लागल्याची बातमी १३ जूनला आली. त्याच्या चार दिवस आधी, ९ जूनला एड स्टोन गेले. १९७२ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे पूर्ण ५० वर्षं ते या मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ होते. एप्रिलचं उत्तर आलं तेव्हा ते होते, याचं मला फार समाधान आहे. आणि त्यांच्या दोनच दिवस आधी, ७ जूनला, विल्यम अँडर्स गेले. २४ डिसेंबर १९६८ ला अपोलो ८ मधून चंद्राभोवती फिरताना चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी निळी पृथ्वी टिपणारे ते. जूनच्या त्या आठवड्याचं पान वाचताना काल मी बराच वेळ थांबले.

आता जपानच्या स्लिम यानाकडे वळते, कारण वर्षाची सुरुवात त्यानं केली. जानेवारीच्या २० तारखेला, जपानच्या वेळेनुसार, ते चंद्रावर उतरलं. ठरवलेल्या जागेच्या १०० मीटरच्या आत उतरायचं होतं आणि ते साधारण ५५ मीटरवर उतरलं. एवढा नेम तोवर कुणी साधला नव्हता. पण उतरता उतरता दोन इंजिनांपैकी एकाचा जोर गेला आणि यान डोकं खाली करून पडलं. सौर पट्ट्या पश्चिमेला, ऊन पूर्वेचं. दोन-तीन तासांतच त्याला झोपवावं लागलं. ते पडलंय कसं, हे आपल्याला दाखवलं ते त्यानंच सोडलेल्या चेंडूएवढ्या रोबोनं. हा रोबो घडवण्यात एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीचा हात होता, आणि त्याच्या फोटोत ते उलटं यान असं दिसतं, जणू कुणी मूल खेळता खेळता टाकून गेलंय.

मग सगळे ऊन कलण्याची वाट पाहत बसले. आठवड्याभरानं चंद्रावरचा सूर्य पश्चिमेकडे आला आणि स्लिम जागं झालं. चंद्रावरची रात्र आपल्या १४ दिवसांएवढी आणि थंडी उणे शंभर अंशांच्याही खूप खाली. ती रात्र सोसण्यासाठी हे यान बनवलेलंच नव्हतं. ते एक रात्र काढून उठलं. दुसरी काढून उठलं. तिसरीही काढली. एप्रिलच्या शेवटी शेवटचं बोललं. त्या दिवसांत सकाळी उठल्यावर मी आधी स्लिमची बातमी बघत असे.

मंगळावरच्या इंजेन्युइटीची गोष्ट मात्र उलट्या बाजूनं संपली. १.८ किलोचं हे हेलिकॉप्टर. मंगळाची हवा आपल्या हवेच्या जेमतेम १ टक्का दाट, तिच्यात उडता येतं का एवढंच पाहायचं होतं आणि त्यासाठी पाच उड्डाणं ठरली होती. झाली ७२. शेवटचं १८ जानेवारी २०२४ ला. खाली सपाट, खुणा नसलेली वाळू होती. खालच्या खुणा पाहून वाट ठरवणाऱ्या कॅमेऱ्याला धरायला काही मिळालं नाही आणि उतरताना पाती मोडली. हे यंत्र पुन्हा उडणार नाही. पण १६ एप्रिलला चमूनं त्याचा निरोप घेतला तेव्हा एक काम त्याच्याकडे सोपवून ठेवलं: रोज जागं व्हायचं, तापमान मोजायचं, एक फोटो काढायचा आणि जपून ठेवायचा. शरीर साथ देईल तर २० वर्षांचं पुरेल एवढी जागा त्याच्याकडे आहे. ऐकायला सध्या कुणी नाही. कधीतरी कुणी तिथं जाईल, विचारेल, तेव्हा सांगायला असावं म्हणून.

८ एप्रिलच्या खग्रास सूर्यग्रहणाबद्दल मी थोडक्यातच सांगते. मेक्सिको, अमेरिका, कॅनडावरून सावली गेली, जास्तीत जास्त ४ मिनिटं २८ सेकंद अंधार झाला, आणि मी ते पडद्यावर पाहिलं. पडद्यावरचं ग्रहण ते पडद्यावरचंच. पण त्याच दिवशी भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज वारले, ९४ वर्षांचे होऊन, आणि त्यांची आठवण माझ्या वहीतल्या या यादीत अगदी चपखल बसते. एक कण असला पाहिजे, असं त्यांनी १९६४ मध्ये मांडलं. तो सापडला २०१२ मध्ये. प्रश्न आणि उत्तर यांच्यात ४८ वर्षं.

मे महिन्यातलं ध्रुवीय प्रकाशाचं, म्हणजे रात्रीच्या आकाशात उमटणाऱ्या रंगीत प्रकाशपडद्यांचं, नाट्य तुम्हाला आठवत असेल. १० आणि ११ मे. सूर्यावर पृथ्वीच्या कित्येक पट रुंद असा डागांचा समूह तयार झाला होता. त्यातून एकामागून एक उसळलेले लोट पृथ्वीवर आदळले आणि २००३ नंतरचं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ झालं. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही आकाश लाल झालेलं टिपलं. लालच का, हिरवं का नाही, हे मला तेव्हा नीट समजून घ्यावंसं वाटलं. हिरवा प्रकाश साधारण १०० ते २०० किलोमीटर उंचीवरचा, लाल त्याहून वरचा. दोन्ही ऑक्सिजनचेच. इतक्या दक्षिणेकडून पाहताना खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड जातो, आणि वरची लाल कड तेवढी क्षितिजावर उरते. म्हणजे हानलेला दिसला तो फार दूरच्या एका झगमगत्या पडद्याचा वरचा काठ.

आणि आता माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. धूमकेतू सुचिन्शान-ॲटलस. २०२३ च्या सुरुवातीला चीनमधल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणींना तो सापडला, म्हणून हे जोडनाव. २०२४ च्या जुलैमध्ये एका नामांकित अभ्यासकानं लिहिलं की हा सूर्यापर्यंत टिकणार नाही, आधीच फुटेल. तर्काला आधार होता. मी उदास झाले आणि वहीत तसं लिहिलंही. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या अगदी जवळून गेला. आणि पलीकडून निघाला, अख्खा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो संध्याकाळी पश्चिमेला दिसायला लागला. माझे तीन दिवस ढगांनी खाल्ले. चौथ्या दिवशी गच्चीवर गेले तेव्हा शेजारची आठ वर्षांची मुलगीही आली. डावीकडे शुक्र लखलखत होता, उजवीकडे खाली स्वाती टेकत आला होता. या दोघांच्या मध्ये बघत राहायचं, एवढंच मला ठाऊक होतं. वीस मिनिटं काही नाही. मग बायनॉक्युलर थोडा वर नेला आणि तो तिथं होता. आधी एक धूसर ठिपका, त्याच्यावरून सरळ वर गेलेली शेपटी. फळा घाईत पुसला की खडूचा एक फिकट पट्टा राहतो ना, अगदी तसा. थेट रोखून पाहिलं की विरायचा, नजर जरा बाजूला केली की पुन्हा उमटायचा. मी मुलीच्या हातात बायनॉक्युलर दिला. तिला बराच वेळ सापडेना. तिची कोपरं मी कठड्यावर टेकवून दिली. मग ती एकदम गप्प झाली, आणि मला कळलं की तिला दिसला. थोड्या वेळानं, डोळे न काढता, तिनं हळूच विचारलं, “त्याला आपण दिसतोय का?”

या धूमकेतूची वाट इतकी मोकळी आहे की तो कदाचित कधीच परत येणार नाही. महिनाअखेरपर्यंत आम्ही दोघींनी तो आणखी पाच वेळा पाहिला, प्रत्येक वेळी जरा अधिक पुसट.

शेवटची नोंद ताजी आहे. पार्कर हे सौरयान २४ डिसेंबरला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं, ताशी सुमारे ६ लाख ९२ हजार किलोमीटर वेगानं. सूर्याच्या इतक्या जवळ याआधी कोणतंही यान गेलेलं नाही. समोर साडेअकरा सेंटिमीटर जाडीची ढाल, तिच्या तोंडावर हजाराच्या आसपास अंश सेल्सिअस, आणि मागे उपकरणं आपल्या खोलीइतक्या तापमानात. त्या जवळच्या दिवसांत यानाशी बोलता येत नव्हतं. ते आहे की गेलं, कुणालाच माहीत नव्हतं. २६ डिसेंबरला अमेरिकेत मध्यरात्र होत आली असताना, आपल्याकडे २७ ची सकाळ उजाडली होती तेव्हा, एक बारीक सूर आला. त्यात माहिती काही नव्हती. मी ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तब्येतीचे सविस्तर आकडे ते १ जानेवारीला पाठवणार आहे. म्हणजे उद्या. मी नव्या वहीचं पहिलं पान काढून त्यावर तारीख टाकून ठेवली आहे.

नमस्कार.