अ‍ॅपला काय करू द्यायचं आणि काय नाही

(जळगावात बचत गट आणि शेतकरी गटांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून तुम्ही ऊन डोक्यावर घेऊन आलात, म्हणून थेट विषयाला हात घालते.

आल्या आल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की ताई, सगळं एकाच अ‍ॅपमध्ये होतं म्हणतात, तर कुठलं घ्यावं? मालाच्या दराची कार्डं, पोस्टर, सणाच्या शुभेच्छा असं काम जास्त असेल तर कॅनव्हा घ्या. व्हिडिओ जास्त असतील तर इनशॉट, किंवा इन्स्टाग्रामवाल्या मेटानं एप्रिल २०२५ मध्ये आणलेलं एडिट्स. कापणं, जोडणं, अक्षरं टाकणं, आवाज भरणं सगळीकडे होतं. एकच घ्या आणि त्यावर हात बसू द्या. दर आठवड्याला नवं अ‍ॅप उतरवणाऱ्यांचा व्हिडिओ काही बाहेर पडत नाही.

मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. कापायचं-जोडायचं काम अ‍ॅपला खुशाल द्या. चेहरा, आवाज, बोली आणि माल मात्र तुमचाच दिसला पाहिजे. पुण्यात बसलेली बाई तुम्हाला ओळखत नाही, तुमचं गाव तिनं पाहिलेलं नाही, तरी ती आधी पैसे पाठवून बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, मागवते. कशाच्या जोरावर? व्हिडिओत दिसलेल्या तुमच्या हाताच्या जोरावर. तो हातच झाकून टाकला तर तिनं कशावर भरवसा ठेवायचा?

बिबड्यांचंच घेऊ. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी होतात. ज्वारी भिजते, आंबते, पीठ शिजतं, त्यात तीळ, लसूण, मिरची पडते. ओल्या कापडावर गरम घाटा थापला जातो, बोटं पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा फिरवली जातात. या बोटांवर फोन जवळ न्या. अगदी एक वीतभर अंतरावर. तीन-चार सेकंद पुरे. मग पातेल्यातली वाफ, मग खाटेवर वाळणारं कापड, आणि शेवटी वाळलेलं बिबडं मोडल्याचा आवाज. त्या आवाजावर गाणं टाकू नका, हात जोडून सांगते. खाणाऱ्याला तोंडाला पाणी सुटतं ते त्या आवाजानं. अ‍ॅपमध्ये प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. तुमचं बोलणं असेल तिथं मागचा आवाज खाली आणा, बिबडं मोडतं तिथं वर न्या.

शूटिंग सकाळी सातच्या सुमाराला, नाहीतर पाचनंतर. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात आणि फोन तापून कॅमेराच बंद पडतो. सुरू करण्याआधी पदराच्या टोकानं लेन्स पुसा. पडद्यावर विषयाच्या जागी बोट दाबून धरलं की उजेड तिथंच पक्का होतो, मध्येच अंधारून येत नाही. व्हिडिओ उभा घ्या, १०८० बाय १९२० पिक्सेलचा. फोर-के नको, साध्या फोनची जागा त्यात संपते आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. गच्चीवर वारा असेल तर वायरचा इअरफोन लावून त्याच्या माइकमध्ये बोला.

आता बोलीचं. तुम्ही घरी अहिराणी बोलता, लेवा गणबोली बोलता, आणि कॅमेरा सुरू झाला की एकदम शाळेतल्या भाषणासारखं बोलायला लागता. कशाला? "आमनी केयी खाई देखा" (आमची केळी खाऊन बघा) हे ऐकून सुरतेत, मुंबईत राहणारा खान्देशी माणूस बोट थांबवतो. मात्र बोललेलं आपोआप लिहून देण्याची सोय आहे ना, ती इथं फसते. तिला हिंदी-मराठी जमतं, अहिराणी तिला शिकवलेलीच नाही. आपण "शे" (आहे) म्हणतो, ती "से" लिहिते. "केयी"चं "कई" होतं. म्हणून ती अक्षरं तशीच सोडू नका. एकेक ओळ हातानं दुरुस्त करा, दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. आपली बोली पडद्यावर चुकीची उमटलेली पाहून मला फार वाईट वाटतं.

अक्षरांचं आणखी एक. अ‍ॅपमधले कित्येक सुंदर फॉन्ट इंग्रजीपुरतेच असतात. त्यात मराठी लिहिलं की एक तर दुसराच फॉन्ट येतो, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट निवडताना "सर्व", "प्रक्रिया", "ज्वारीच्या", "तऱ्हा" एवढे चार शब्द लिहून बघा. रफार जागेवर आणि पाय मोडलेला नाही, तर तो फॉन्ट चालेल. मुक्त आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपनं केलेले फॉन्ट फुकट मिळतात, ते पोस्टरला चांगले. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. रीलच्या तळाला मजकूर टाकू नका. तिथं तुमचं नाव आणि खालचं लिखाण येतं, भाव झाकला जातो. उजव्या कडेला बटणं असतात, तीही जागा सोडा.

तयार साच्यांत दिवाळी, होळी, ख्रिसमस ढिगानं आहेत. आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचे रोट, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका यांचा साचा मला अजून सापडलेला नाही. त्यामुळे श्रावणात कानबाई बसते तेव्हा आपली पोरं दुसऱ्याच सणाची फुलं आणि दिवे चिकटवतात. एकदा निवांत बसून आपला साचा करा. तुमच्या घरच्या कानबाईचा फोटो, गटाचं नाव, ठरलेले दोन रंग. तो जपून ठेवला की दरवर्षी फक्त तारीख बदलायची.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, चित्र काढून घेण्याची सोय आता बहुतेक अ‍ॅपमध्ये आली आहे. शुभेच्छापत्राला वापरा, माझी हरकत नाही. मालाला वापरू नका. यंत्र केळीचा घड काढतं तो पिवळाधमक, एकही डाग नसलेला. रावेर-यावलच्या मळ्यातून घड उतरतो तो हिरवा. व्यापाऱ्याला तो पाहायचा असतो, फण्या किती, दांडा कसा, साल कशी. खोटा फोटो टाकला तर पहिल्या गाडीलाच भांडण होतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे माल त्याच भागाचा असल्याची सरकारी ओळख, मिळालं, भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. त्या मानांकनाची खूण १९९९ च्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलेल्यांसाठी आहे. नोंद नसताना इंटरनेटवरून उचलून पेटीच्या फोटोवर चिकटवू नका. नोंद करून घ्या, मग हक्कानं लावा.

गाण्याबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामवर धंद्याचं खातं असेल तर सिनेमाची गाणी बहुतेक मिळत नाहीत, आणि बाहेरून चिकटवली तर आवाज बंद केला जाऊ शकतो. जात्यावरची ओवी घरच्या आजीच्या आवाजात, तिला विचारून, रेकॉर्ड करा ना.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. मूळ व्हिडिओ अ‍ॅपच्या भरवशावर ठेवू नका. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आपल्याकडच्या किती पोरापोरींनी तिथं अहिराणीतून हसवलं होतं, गाणी केली होती! ज्यांनी वेगळी प्रत ठेवली नव्हती, त्यांचं ते काम हातचं गेलं. इन्स्टाग्रामचे ड्राफ्टही फोनमध्येच असतात, अ‍ॅप काढलं की तेही जातात. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट आहे. न कापलेले मूळ तुकडे महिनाअखेरीला तिथं टाका, किंवा पेनड्राइव्हवर. गटात एका ताईकडे हे काम सोपवूनच द्या.

पैशांचं सांगते. बहुतेक कामं फुकटात होतात. "सात दिवस मोफत" म्हणून यूपीआयची परवानगी मागितली, तर आठव्या दिवसापासून पैसे कापले जातात. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं तरी कपात थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनच्या जागी जाऊन ती रद्द करावी लागते.

आणि व्हिडिओ टाकल्यावर फोन बाजूला ठेवू नका. खाली मराठीत लिहा: कुठलं गाव, पाव किलोचा आणि अर्ध्या किलोचा भाव, पार्सलचा खर्च वेगळा की धरून, किती दिवसांत पोचेल. खाद्यपदार्थ असेल तर अन्न परवान्याचा (एफएसएसएआय) १४ आकडी नंबर. भाव विचारायला "इनबॉक्स करा" लिहिलं की निम्मी गिऱ्हाइकं निघून जातात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात. भावाचं, पत्त्याचं आणि पार्सलचं अशी तीन उत्तरं आत्ताच लिहून टाका, चहा येईपर्यंत वेळ आहे. कुणाला टाइप करायला अडचण असेल तर आवाजानं लिहिण्याचं बटण कसं दाबायचं, ते मी बाकाबाकाजवळ येऊन दाखवते.