व्हॅलेंटाइन डेसाठी फळांच्या सारणाच्या चक्राकार कुकीज: सारण बाहेर का येते आणि ते आत कसे ठेवावे

नमस्कार. १४ फेब्रुवारीला आपल्या प्रिय व्यक्तीला स्वतःच्या हाताने केलेले काहीतरी द्यावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ आहे. आज आपण स्ट्रॉबेरीचे सारण भरलेल्या चक्राकार कुकीज करणार आहोत. एका वळकटीतून नेहमीच्या गोल कुकीज निघतील आणि दुसऱ्या वळकटीतून बदामाच्या आकाराच्या. त्यासाठी साचाही लागत नाही आणि कापून उरलेले तुकडेही वाया जात नाहीत.

या कुकीजची कृती बहुतेकांना ठाऊक असते. मैद्याचा गोळा लाटायचा, त्यावर जॅम पसरायचा, गुंडाळायचे, कापायचे आणि भाजायचे. तरीही ओव्हनमधून ट्रे बाहेर काढल्यावर अनेकदा सारण कडेने ओघळून करपलेले असते, चक्राच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि लाल रंगाच्या जागी मळकट जांभळट छटा दिसते. या तिन्ही गोष्टींना ठरावीक कारणे आहेत आणि ती समजली की त्या टाळता येतात. माझ्या मते या पदार्थातील जवळजवळ सगळे कौशल्य दोनच ठिकाणी लागते. पहिले म्हणजे सारणातील पाणी कमी करणे आणि दुसरे म्हणजे पीठ योग्य वेळी थंड ठेवणे.

सुरुवात सारणापासून करू, कारण ते पूर्ण गार झाल्याशिवाय पुढचे काम करता येत नाही. ताज्या स्ट्रॉबेरीमध्ये साधारण ९० टक्के पाणी असते. हे पाणी तसेच राहिले तर ओव्हनमध्ये त्याची वाफ होते, ती वाट काढत बाहेर पडते आणि जाताना साखरेचा पाकही सोबत ओढून नेते. तो पाक तापलेल्या ट्रेवर पडला की काही मिनिटांत करपतो. बाजारातील साधा जॅम वापरला तरी हीच अडचण येते, कारण पावावर लावताना घट्ट वाटणारा जॅम ओव्हनच्या उष्णतेने पातळ होतो. म्हणून मी सारण घरीच आटवण्याच्या बाजूने आहे. त्याला अर्धा तास जास्त लागतो, पण गोडी आपल्या हातात राहते आणि फळाची चवही अधिक स्पष्ट लागते.

२५० ग्रॅम स्ट्रॉबेरी धुऊन, पुसून आणि देठ काढून बारीक चिराव्यात. त्यात ५० ग्रॅम साखर घालून रुंद तळाच्या स्टीलच्या कढईत मध्यम आचेवर ठेवावे. कढई रुंद असली की पाणी लवकर आटते आणि फळ कमी वेळ शिजल्यामुळे रंगही जास्त टिकतो. ॲल्युमिनियमचे किंवा लोखंडाचे भांडे मात्र येथे टाळावे, कारण आंबट फळांचा या धातूंशी संयोग होऊन चव आणि रंग दोन्ही बिघडतात.

आता सारण कधी झाले हे कसे ओळखायचे? सर्वांत खात्रीचा मार्ग वजनाचा आहे. रिकाम्या कढईचे वजन आधी करून ठेवावे आणि आतील मिश्रण १२० ते १३० ग्रॅम उरेपर्यंत आटवावे. म्हणजेच सुरुवातीचे ३०० ग्रॅम मिश्रण निम्म्याहूनही कमी झाले पाहिजे. वजनकाटा नसेल तर हे जवळून पाहा. मी उलथण्याने कढईच्या तळाशी मधोमध एक रेघ ओढते आहे. सुरुवातीला ही रेघ ओढता ओढताच रसाने भरून जाते. थोड्या वेळाने ती क्षणभर दिसते. आणि आता तळ अगदी स्वच्छ दिसतो आहे, दोन्ही बाजूंचे मिश्रण जागच्या जागी थांबले आहे आणि फार सावकाश एकमेकांकडे सरकते आहे. बुडबुड्यांकडेही लक्ष द्या. आधीचे लहान आणि फेसाळ होते, आताचे मोठे आहेत आणि जड आवाजाने फुटत आहेत.

या टप्प्यावर एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर एका मोठ्या चमचाभर थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवून त्यात घालावे आणि मिश्रणाला पुन्हा चांगली उकळी येऊ द्यावी. स्ट्रॉबेरीमध्ये पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा आणणारा फळांतील घटक, कमी असतो, त्यामुळे नुसते आटवून तिला हवी तशी पकड येत नाही. कॉर्नफ्लोअरने आलेला घट्टपणा ओव्हनमध्येही बऱ्यापैकी टिकतो. गॅस बंद केल्यावर एक लहान चमचा लिंबाचा रस घालावा. तो शेवटीच घालण्याचे कारण असे की आम्लासोबत बराच वेळ शिजवले तर कॉर्नफ्लोअरची पकड सैल होते. सारण ताटलीत पसरून गार करावे आणि नंतर फ्रीजमध्ये ठेवावे.

लिंबाच्या रसाचे एक काम रंगाचे आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी आणि चेरी यांचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये आम्लात लाल राहतात आणि अल्कली मिळाली की निळसर किंवा करडी होऊ लागतात. खाण्याचा सोडा अल्कलीच असतो. कुकीच्या पिठात तो जास्त झाला तर सारणाची पिठाला लागलेली कड जांभळट दिसते आणि ब्लूबेरीचे सारण असेल तर हिरवटसुद्धा दिसते. त्यामुळे या कुकीजमध्ये मी सोडा अजिबात वापरत नाही. थोडी बेकिंग पावडर पुरेशी होते. लाल रंगासाठी खाण्याचा रंग घालावा असा मोह होतो, पण फळ नीट आटवले आणि लिंबू वेळेवर घातले तर त्याची गरज पडत नाही.

फळ बदलायचे असेल तर पाण्याचा हिशोबही बदलतो. रास्पबेरीचे सारण आंबटगोड आणि सुरेख लाल होते, फक्त बिया नको असतील तर ते गरम असतानाच गाळून घ्यावे. सुके जर्दाळू, अंजीर किंवा खजूर वापरणे सर्वांत सोपे, कारण त्यांत मुळातच पाणी कमी असते. ते थोड्या पाण्यात मऊ शिजवून वाटले की झाले. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी हवे तर तेथून सुरुवात करावी.

आता पीठ. १२५ ग्रॅम बिनमिठाचे बटर मऊ असावे, पण वितळलेले नसावे. बोटाने दाबले तर खळगा पडावा आणि त्यात तेलकट चकाकी दिसू नये. त्यात १०० ग्रॅम पिठीसाखर घालून दोन मिनिटे फेटावे, मग एक अंडे आणि थोडा व्हॅनिला इसेन्स घालावा. शेवटी २५० ग्रॅम मैदा, पाव लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घालावे आणि गोळा जमेपर्यंतच हलक्या हाताने मिसळावे. अंडे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी दोन ते तीन मोठे चमचे थंड दूध लागेल तसे घालावे. पीठ मळत बसू नये, कारण मळल्याने ग्लुटेन, म्हणजे मैद्याला चिवटपणा देणारे प्रथिनांचे जाळे, वाढते, कुकी चिवट होते आणि लाटलेली पोळी पुन्हा आक्रसते.

बहुतेक कृतींत गोळा आधी थंड करून मग लाटायला सांगतात. मी उलट क्रमाची शिफारस करते. गोळ्याचे दोन सारखे भाग करावेत आणि प्रत्येक भाग मऊ असतानाच दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लाटावा. त्यामुळे जोर लावावा लागत नाही, वरून कोरडा मैदा भुरभुरावा लागत नाही आणि पातळ पोळी जाड गोळ्यापेक्षा कितीतरी लवकर गार होते. प्रत्येक भागाचा साधारण २८ सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद असा आयत लाटावा, म्हणजे जाडी अंदाजे ४ मिलिमीटर येते. कडा वेड्यावाकड्या झाल्या तर जास्तीचे कापून जिथे कमी आहे तिथे जोडावे आणि वरून पुन्हा एकदा लाटणे फिरवावे. हे दोन्ही आयत कागदासकट ट्रेवर सपाट ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत.

बाहेर काढल्यावर लगेच गुंडाळू नये. थंड बटर कडक असते आणि घाईने वळवले तर पोळीला आडव्या भेगा पडतात. पाच मिनिटे थांबून एक कोपरा हळूच उचलून पाहावा. तो न तुटता वाकला की पोळी तयार आहे असे समजावे. मग तिच्यावर निम्मे सारण अगदी पातळ, सुमारे १ मिलिमीटर जाडीचे पसरावे. पोळी सारणातून जागोजागी पुसट दिसत असेल तर प्रमाण योग्य आहे. सढळ हाताने भरावे असे वाटणे साहजिक आहे, पण जास्त सारण भरले की थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि कापताना घसरतात. साध्या वळकटीसाठी पलीकडच्या लांब कडेला दीड सेंटीमीटर जागा रिकामी सोडावी. आपल्याकडच्या लांब कडेपासून, खालच्या कागदाचा आधार घेत, आत पोकळी न ठेवता घट्ट गुंडाळत जावे. पहिला वेढा सर्वांत महत्त्वाचा असतो. तो सैल राहिला तर प्रत्येक कुकीच्या मधोमध भोक दिसते. रिकाम्या कडेला पाण्याचे बोट लावून ती चिकटवावी आणि ही जोडाची बाजू खाली ठेवावी.

आता बदामाचा आकार. दुसऱ्या आयतावर सारण सगळीकडे पसरावे, मात्र मधोमध लांबीच्या दिशेने एक सेंटीमीटरची पट्टी मोकळी ठेवावी. दोन्ही लांब कडांपासून आतल्या बाजूला गुंडाळत येऊन दोन्ही गुंडाळ्या मध्यावर एकमेकींना भेटवाव्यात. त्या भेटतात तिथे थोडे पाणी लावून हलकेच दाबावे. मग ही जोडवळकटी उलटी करावी आणि आता वर आलेल्या सपाट बाजूला दोन्ही हातांच्या बोटांनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चिमटीत धरत धरत टोकदार कणा काढावा. बाजूने पाहिले तर खाली दोन गोलाई आणि वर टोक असा उलटा बदाम दिसतो आहे. चिमटा काढताना पीठ मऊ पडले तर काम थांबवून दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे, कारण मऊ पिठाला दिलेला आकार ओव्हनमध्ये टिकत नाही.

दोन्ही वळकट्या कागदात गुंडाळून ४० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. कापताना त्या दगडासारख्या कडक नसाव्यात, पण बोटाने दबूही नयेत. गोल वळकटी कापण्यासाठी सुरीपेक्षा स्वच्छ, जाड दोरा मला अधिक आवडतो. तो वळकटीखालून घालून वर आडवा घ्यावा आणि दोन्ही टोके विरुद्ध दिशांना ओढावीत. दाब सगळीकडून सारखा पडल्यामुळे चकती चपटी होत नाही. बदामाच्या वळकटीच्या खाचेत मात्र दोरा नीट बसत नाही, म्हणून तिथे लांब, धारदार सुरी घ्यावी आणि प्रत्येक कापानंतर पाते ओल्या फडक्याने पुसावे. न पुसता कापल्यास पात्याला लागलेले सारण पांढऱ्या भागावर फासले जाते आणि चक्राच्या रेघा तिथेच पुसट होतात. चकत्या ७ मिलिमीटर जाडीच्या कापाव्यात. एका वळकटीतून साधारण ३५ लहान कुकीज निघतात.

ओव्हन आधीच १८० अंश सेल्सिअसवर तापलेला असावा. यात तडजोड करू नये. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. ओव्हन पुरेसा तापलेला नसेल तर मैदा आणि अंडे घट्ट होण्याच्या कितीतरी आधी बटर वितळते आणि कुकी पसरून तिचा आकार जातो. बटर पेपर लावलेल्या ट्रेवर चकत्या तीन सेंटीमीटर अंतराने ठेवून ११ ते १३ मिनिटे भाजाव्यात. कडा फिकट सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून पांढुरका असला तरी ट्रे बाहेर काढावा. गरम कुकी मऊ लागते, ती गार होताना कडक होते. सारणही तेव्हा फार तापलेले असते, म्हणून पाच मिनिटे ट्रेवरच राहू देऊन मग जाळीवर काढावे.

ही सगळी खटपट एकाच दिवशी करण्याचे कारण नाही. वळकट्या आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवता येतात आणि नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभरही राहतात. मग १४ तारखेला फक्त कापायचे आणि भाजायचे राहते. फ्रीझरमधील वळकटी कापण्याआधी दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी. दोन माणसांसाठी एक वळकटी पुरेशी आहे, दुसरी खुशाल राखून ठेवावी.

भेट म्हणून डब्यात भरायच्या असतील तर कुकीज पूर्ण गार झाल्याची खात्री करावी, कारण थोडीशी ऊब राहिली तरी झाकणाखाली वाफ धरते. प्रत्येक थरामध्ये बटर पेपर ठेवावा, नाहीतर एका कुकीचे सारण दुसरीला चिकटते. सारणातील ओलावा हळूहळू पिठात उतरत असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून त्यांचा खुसखुशीतपणा कमी होऊ लागतो. चव तीन-चार दिवस चांगली राहते. खुसखुशीत कुकीच द्यायची असेल, तर ज्या दिवशी भेटणार त्याच दिवशी सकाळी भाजावी. आणि मऊ पडलेल्या कुकीज १५० अंशांवर चार-पाच मिनिटे गरम करून गार होऊ दिल्या की त्यांच्या कडा पुन्हा बऱ्यापैकी कुरकुरीत होतात.