पाच हजार पानं आणि एक सीएसव्ही

[दृश्य: टेबलावर उघडलेलं जुनं आवक-रजिस्टर, वर स्कॅनरचा उजेड.]

एफोर मापाचं पान, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत, कॉम्प्रेस न केलेली टिफ चित्रफाइल: सुमारे २६ एमबी. अशी पाच हजार पानं म्हणजे १३० जीबी. एवढा माल डिजिटल जतनाच्या प्रणालीत एकेक करून कुणी चढवत नाही. तो गठ्ठ्याने जातो, आणि गठ्ठा बिघडतो तो बहुतेक वेळा चढवण्याआधीच, एक्सेलमध्ये.

[दृश्य: स्क्रीनवर फोल्डर.]

प्रणाली आर्काइव्हमॅटिका, मुक्तस्रोत, कॅनडातल्या आर्टिफॅक्च्युअल कंपनीची. मुख्य फोल्डरात दोन फोल्डर: 'ऑब्जेक्ट्स'मध्ये स्कॅन, 'मेटाडेटा'मध्ये वर्णनाची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली साधी मजकूर-फाइल. नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं. सीएसव्हीचा पहिला कॉलम 'फाइलनेम', आणि त्यात नुसतं नाव नव्हे तर 'ऑब्जेक्ट्स'पासूनचा पूर्ण मार्ग. पुढे डब्लिन कोअर या वर्णनाच्या ठरीव मानकाचे कॉलम: शीर्षक, कर्ता, तारीख, विषय. एका पानाला दोन विषय असतील तर विषयाचा कॉलमच दोनदा घ्यायचा.

आता एक्सेल. साधी सीएसव्ही म्हणून सेव्ह केलंत की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती परत मराठी होत नाहीत. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं संकेतन) निवडलंत तर फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट येतात. कित्येक प्रोग्रामांना मग पहिल्या कॉलमचं नाव ओळखूच येत नाही. 'एप्रिल १९३२' असा वर्ष-महिना आकड्यांत लिहिला की एक्सेल त्याची स्वतःच्या पसंतीची तारीख करून टाकतं. लिब्रे ऑफिसमध्ये सगळे कॉलम 'मजकूर' ठरवून उघडा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

तारखेचे आकडे इंग्रजीच हवेत. रजिस्टरवर शके असेल तर चैत्रापासून ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्ष-पौषात इंग्रजी वर्ष मध्येच उलटतं, तिथे पंचांग पाहावंच लागतं. मूळ शके वर्णनाच्या कॉलममध्ये राहू द्या.

[दृश्य: दोन फाइलनावं एकाखाली एक. दोन्ही: 'शेतकऱ्यांचे अर्ज'.]

ही दोन नावं सारखी दिसतात. वरच्या नावात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त: सहा बाइट. खालच्यात साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक: नऊ बाइट. दोन कीबोर्ड, दोन टंकण्याच्या सवयी. स्कॅन करणाऱ्याने एक वापरला आणि सीएसव्ही भरणाऱ्याने दुसरा, की ती ओळ त्या फाइलीला लागतच नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची रीत, तीही हा फरक मिटवत नाही. शिवाय आर्काइव्हमॅटिका आत घेताना देवनागरी नावांचं रोमनीकरण करते. मूळ नाव फक्त नोंदीत उरतं. तेव्हा फाइलीला रोमन अक्षरं आणि आकडे, मराठी शीर्षक सीएसव्हीत.

चेकसम, म्हणजे फाइलीच्या बाइटांवरून काढलेली तिची खूण, चुकला तर काम तिथेच थांबतं, लाल अक्षरांत. 'मेटाडेटा' फोल्डरातच शा-२५६ पद्धतीने काढलेल्या चेकसमची यादी ठेवायची: ६४ अक्षरं, दोन स्पेस, मग फाइलीचा मार्ग. ही यादी स्कॅनरच्या संगणकावर करा, सर्व्हरवर कॉपी झाल्यावर नको. नाहीतर कॉपीत बिघडलेल्या फाइलीचाच चेकसम निघेल आणि तो जुळेलही.

सीएसव्हीतली न जुळलेली ओळ मात्र आवाज करत नाही. पान जतन होतं, वर्णनाशिवाय.

[दृश्य: टर्मिनलवर दोन याद्या.]

म्हणून चढवण्याआधी दोन याद्या: डिस्कवरच्या फाइलींची आणि सीएसव्हीच्या पहिल्या कॉलमची (वरचं 'फाइलनेम' सोडून). दोन्ही सॉर्ट करून डिफ (फरक दाखवणारी आज्ञा) चालवायचा. उत्तर रिकामं आलं पाहिजे.

मग दहाच फाइलींची चाचणी. तयार झालेल्या पॅकेजातली मेट्स फाइल (आतल्या सगळ्याची नोंद ठेवणारी) उघडून वर्णनाचे विभाग मोजा. दहाला दहा भरले, तर एक रजिस्टर, म्हणजे साधारण पाचशे पानं, १३ जीबी. एका रजिस्टरचा एक गठ्ठा. फसला तर तेवढाच पुन्हा चालवायचा.